पुढच्या टाकीला कुलूप

लाइल टॉमचेकच्या पिकअपला पेट्रोलच्या दोन टाक्या होत्या आणि तो एकीवरून दुसरीवर कसा जातो, हे गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलं होतं. शेजारी कुणाला तरी बसवलेलं असायचं. गाव संपून मक्याची शेतं सुरू झाली की लाइल बोलता बोलता, रस्त्यावरची नजर न काढता, डॅशबोर्डवरचं बटण एका बोटाने दाबायचा. टक. "चला, आता मागची," म्हणायचा. इंजिन साधा आचकाही द्यायचं नाही. शेजारचा माणूस घरी जाऊन बायकोला हे सांगायचा. आमच्या घरी ते बायकोने मला सांगितलं, कारण त्या दिवशी शेजारी ती बसली होती.

मीही तशीच गाडी घेतली. तेच साल, तोच तपकिरी-पांढरा रंग, तसाच हौदा, तशाच दोन टाक्या. मी काउंटीच्या कचेरीत जमिनीच्या नोंदी ठेवतो. कचेरी घरापासून सहा चौकांवर. माझ्या हौद्यातून आजवर गेलेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे मेव्हणीचा सोफा. तेव्हा मला पिकअपची गरज होती का, असं कुणी विचारलं तर नव्हती. लाइलकडे होती, ही माझी गरज होती.

विकणारा मात्र प्रामाणिक निघाला. "मागची टाकी चालत नाही," म्हणाला. "बटण मागे नेऊ नका, गाडी बंद पडेल. मागचा काटाही मेलेला आहे, कायम शून्यावर." मी मोठ्या मनाने म्हटलं, चालेल. चालणार नाही हे चार दिवसांत कळलं. लव्हॉन, म्हणजे माझी बायको, पहिल्यांदा गाडीत बसली आणि म्हणाली, "कर ना ते टक."

मी केलं. गाडी बंद पडली ती रविवारी, चर्चच्या दारात, सगळं गाव पायऱ्या उतरत असताना. मदतीला कोण धावलं हे सांगायला नकोच. लाइलने खिडकीतून हात आत घातला, बटण पुढे केलं, "दहा आकडे मोज, मग चावी फिरव," म्हणाला आणि गाडी सुरू झाली. लव्हॉन त्याला थँक्यू म्हणाली. दोनदा म्हणाली. मी मोजत होतो, कारण दहापर्यंत मोजायचं मला त्यानेच सांगितलं होतं.

त्याच उन्हाळ्यात आमची डेनीज चेक दिवसांची राणी म्हणून निवडली गेली. आमचं डोब्रावा हे गाव नेब्रास्कात असलं तरी पणजोबा मंडळी बोहेमियाची, म्हणजे चेक, त्यामुळे ऑगस्टमध्ये तीन दिवस पोल्का नाच, बिअर आणि कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, यांना अंत नसतो. शनिवारी दुपारी मिरवणूक. त्यात राणीचा रथ, म्हणजे कागदी फुलांनी मढवलेली लांब गाडी, पिकअपच्या मागे जोडतात. गेली नऊ वर्षं तो मान लाइलकडे होता. आता मुलगी माझी, गाडी माझ्याकडे, तेव्हा रथ मीच ओढणार, असं मी जाहीर केलं. मला वाटलं होतं, घरात कुणाचे तरी डोळे भरून येतील.

"डॅड, मिस्टर टॉमचेकनी ओढला तरी मला चालेल," डेनीज म्हणाली. "मध्येच बंद नको पडायला, एवढंच."

हे मला लागलं. अठरा वर्षं वाढवलेली मुलगी लाइलच्या गाडीमागून गावभर फिरणार आणि मी फुटपाथवर घडीच्या खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलेना. मी मिरवणूक समितीच्या अध्यक्षांकडे गेलो.

अध्यक्ष म्हणजे अर्विन. अर्विनचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तो समितीचा अध्यक्ष आहे आणि गावाच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुखही आहे. तिन्ही कामांच्या तीन टोप्या दुकानात एका ओळीने टांगलेल्या असतात. मी विषय काढताच त्याने दुकानाची काढून समितीची घातली.

"रथ ओढणाऱ्या गाडीला अग्निशमन प्रमुखाचं प्रमाणपत्र लागतं," तो म्हणाला.

"मग दे."

"प्रमुख गुरुवारी भेटतात."

"अर्विन, प्रमुख तूच आहेस."

"आहे ना. पण आज मंगळवार आहे."

"लाइलने नऊ वर्षांत कधी प्रमाणपत्र आणलंय?"

अर्विनला या प्रश्नाचं खरंच आश्चर्य वाटलं. "लाइलचं वेगळं आहे," तो म्हणाला.

गुरुवारी प्रमुखांनी टोपी बदलून दिवे पाहिले, टायरला लाथ मारली, हॉर्न वाजवला आणि सही केली. मी तो कागद फ्रिजवर चिकटवला. कागद फ्रिजवर, माझी मान ताठ, असे दोन आठवडे बरे गेले. मग माझं पेट्रोल चोरीला जाऊ लागलं.

शनिवारी मी पुढची टाकी काठोकाठ भरायचो. कचेरी, चर्च, शेतकऱ्यांची सोसायटी म्हणजे को-ऑप, एवढंच माझं फिरणं. बुधवारी काटा तळाला. पुन्हा भरली, पुन्हा बुधवारी तेच. गाडीजवळ पेट्रोलचा वास यायचा, आणि एका सकाळी तर मागच्या चाकाशी सिमेंटवर ओला डाग दिसला. नळी घालून पेट्रोल ओढताना चोराच्या हातून थोडं सांडलं असणार, हे उघड होतं. डाग शेजारच्या टॉमचेकांच्या कुंपणाच्या बाजूला होता. मी कुणाचं नाव घेत नव्हतो. डाग कुठे होता एवढंच सांगत होतो.

को-ऑपच्या धान्यकोठीत रोज सकाळी गावातली पुरुषमंडळी कॉफीला जमतात आणि कॉफी कुणी पाजायची यासाठी फासे टाकतात. तिथे मी प्रकरण मांडलं. सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला बटण बदल, दुसरा म्हणाला पंप बदल, तिसरा म्हणाला गाडी बदल. एकाने टाकीखाली शिरून लाकडी हातोडीने दोन ठोके मारायला सांगितलं, कारण त्याच्या कपडे धुवायच्या मशीनला त्याने गुण आला होता. म्हातारा एमिल एवढा वेळ कपात बघत होता. पंचेचाळीस वर्षं त्याने ट्रॅक्टर दुरुस्त केले, पण आता तो कुठलीही गोष्ट युद्धापासून सुरू करत असल्याने त्याचं कुणी ऐकत नसे.

"चोरीबिरी काही नाही," तो म्हणाला. "पेट्रोल गाडीतच आहे. सत्तेचाळीस साली माझ्या भावाचा एक लाल ट्रक होता..."

सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. काटा शून्यावर आणि म्हणे पेट्रोल गाडीत. एमिल तो लाल ट्रक घेऊन ओमाहाच्या दिशेने निघाला होता, तेवढ्यात फासे पुन्हा पडले आणि आम्ही कॉफीकडे वळलो.

मी अर्विनकडून टाकीचं कुलपाचं झाकण आणलं. या गावात कुलूप म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे गाड्यांच्या चाव्या गाडीतच असतात. घराची दारं उघडी असतात. मागच्या वर्षी आम्ही घराची किल्ली शोधायला गेलो, तेव्हा ती हरवून सहा वर्षं झाली होती असं लक्षात आलं. अर्विनने ते झाकण कपाटाच्या तळातून काढलं, त्यावरची धूळ फुंकली आणि विचारलं, "कुणावर संशय आहे?"

"कुणावरही नाही."

"तुझ्या एका बाजूला चर्चची स्मशानभूमी आहे, नॉर्ब. दुसऱ्या बाजूला लाइल आहे."

"मी कुणाचंही नाव घेतलेलं नाही," मी म्हटलं. दुपारपर्यंत गावाने ते घेतलेलं होतं.

एकच झाकण घेतलं, पुढच्यासाठी. मागच्या मेलेल्या टाकीतून कोण काय नेणार? बसवून मी वळलो तर लाइल कुंपणापाशी उभा. त्याने झाकण पाहिलं, मला पाहिलं. आत गेला.

दुसऱ्या दिवशी रस्त्यात त्याची गाडी समोरून आली. आमच्याकडे समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतात. अनोळखी माणसाला करतात, शेरीफला करतात, शववाहिकेच्या ड्रायव्हरलासुद्धा करतात. लाइलचं बोट जागचं हललं नाही. आणि त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने, डार्लिनने, लव्हॉनची बेकिंगची बशी परत पाठवली. रिकामी. धुऊन, पुसून, रिकामी. एकवीस वर्षांत आमच्या दोन घरांमध्ये बशी रिकामी गेली नव्हती. लव्हॉनने ती ओट्यावर ठेवली.

"जाऊन माफी माग," ती म्हणाली.

"कसली? मी माझ्या टाकीला माझं कुलूप लावलं."

"त्याने तुझं पेट्रोल चोरलं असं तुला खरंच वाटतं?"

खरं सांगायचं तर वाटत नव्हतं. वाटावं अशी इच्छा होती. नऊ वर्षं रथ ओढणारा, चर्चचा ऑर्गन दुरुस्त करणारा, कुणाचीही बंद गाडी दहा आकड्यांत सुरू करणारा हा माणूस एकदा तरी चोर निघाला असता, तर मला फार बरं वाटलं असतं. पण बायकोला असं थोडंच सांगता येतं? "पुरावा बघू," मी म्हटलं.

पुरावा बुधवारी मिळाला. कुलूप जसंच्या तसं आणि काटा तळाला. डाग आता ताटाएवढा झाला होता. माझी खात्रीच पटली. साधा चोर कुलपापाशी थांबला असता. कुलूप न मोडता उघडणारे हात आमच्या आळीत एकाच माणसाला होते. मी सुट्टीच्या दिवशी जेवणाच्या खोलीतल्या पडद्याआडून पाळत ठेवली. सकाळी नऊ ते दुपारी तीन. त्या वेळात लाइलने स्वतःचं गवत कापलं, मग चर्चच्या स्मशानभूमीचं कापलं, मग आमच्या अंगणाच्या कडेला मला न पोचणारी एक पट्टी असते, तीही कापली. माझ्याशी बोलणं बंद असताना कापली. चोरी मात्र केली नाही. माझी चिडचिड झाली.

मिरवणुकीचा दिवस उजाडला तो भाजून काढणारा. सकाळी पुढची टाकी काठोकाठ भरली, कुलूप लावलं, रथ जोडला. वर डेनीज भरतकामाच्या पोलक्यात, डोक्यावर फुलांचा मुकुट. मी तिला हात दिला तेव्हा ती म्हणाली, "छान दिसतोस, डॅड." मी नवा शर्ट घातला होता. जन्मात पहिल्यांदा लाइल कुठेतरी फुटपाथवर बसलेला असणार आणि मी स्टिअरिंगमागे असणार होतो. डोळ्यांनी शोधलं, दिसला नाही. तो आलाच नव्हता. यानेही माझं थोडं नुकसान झालं.

बँड सुरू झाला आणि आम्ही पायी चालण्याच्या वेगाने निघालो. पुढे बँड, मग मी, मग रथ, आणि रथामागे गावाचा आगीचा बंब, त्यावर अर्विन प्रमुखाची टोपी घालून. पहिला चौक उत्तम गेला. मी खिडकीतून कोपर बाहेर काढलं. दुसऱ्या चौकात लोक टाळ्यांऐवजी बोटं दाखवू लागले. मला वाटलं, डेनीजला दाखवताहेत. मीही हसून हात हलवला. तेवढ्यात बंबाचा भोंगा वाजला आणि अर्विनचा आवाज लाउडस्पीकरवरून गावभर गेला.

"नॉर्बर्ट कुचेरा, गाडी थांबव. तुझ्या मागच्या टाकीतून पेट्रोल वाहतंय."

"मागची टाकी रिकामी आहे," मी खिडकीतून ओरडलो.

"मग रिकाम्या टाकीतून वाहतंय," लाउडस्पीकर म्हणाला.

मी उतरून पाहिलं. मागच्या टाकीच्या झाकणातून पेट्रोलची धार सिमेंटवर पडत होती आणि रथाखालून बँकेच्या दारापर्यंत ओली रेघ गेली होती. फुटपाथवरच्या खुर्चीतून एमिल हळूहळू उठला. या क्षणाची त्याने तीन आठवडे वाट पाहिली असावी.

"इंजिनाला लागतं त्याहून जास्त पेट्रोल वर जातं," तो सावकाश म्हणाला. "उरलेलं परत टाकीत यायला हवं. ज्या टाकीतून गेलं, त्याच टाकीत. मधली झडप बिघडली की ते दुसरीत जातं. तू पुढची भरतोस, गाडी मागची भरते. माझ्या भावाच्या लाल ट्रकलाही..."

या वेळी सगळ्यांनी लाल ट्रक शेवटपर्यंत ऐकला. मला जाता येत नव्हतं, म्हणून मीही ऐकला. तीन आठवडे मी माझंच पेट्रोल माझ्याच गाडीत ठेवून त्याच्यावर पहारा करत होतो. चोर मीच, मुद्देमाल माझ्याकडेच, आणि कुलूप नको त्या झाकणावर. डेनीज रथावरून खाली बघत होती. रडत नव्हती, पण तिचा हात मुकुटाकडे गेला होता.

"ही गाडी तपासली कुणी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. अर्विनने प्रमुखाची टोपी काढली आणि समितीची घातली.

"लाइलला बोलवा," तो म्हणाला.

लाइल पाच मिनिटांत आला, घरच्या कपड्यांत, हातावर ग्रीस. माझ्याकडे न बघता त्याने रथ सोडवला आणि आपल्या गाडीला जोडला. माझी गाडी ढकलून बाजूला केली. बँड पुन्हा सुरू झाला. माझ्या मुलीला घेऊन तो निघाला आणि मी फुटपाथवर उभा राहिलो. घडीची खुर्चीसुद्धा आणलेली नव्हती.

वीस पावलं गेला असेल. गाडीने आचका दिला, पुन्हा एक दिला आणि बंद पडली.

लाइलची गाडी बंद पडलेली कुणी पाहिलीच नव्हती. कबूल करतो, माझ्या मनात त्या वेळी डेनीजचा विचार नव्हता. मला इतका आनंद झाला की मी धावत त्याच्या खिडकीशी गेलो.

"पेट्रोल संपलं?" मी गोड आवाजात विचारलं. "मग मागची लाव ना."

लाइलने समोर पाहिलं. मग बटण दाबलं. टक. काही झालं नाही.

"मागची नाही चालत," तो अगदी हळू म्हणाला.

"कधीपासून?"

"सहा वर्षं. बटणाची तार मीच कापून टाकली. नुसतं वाजतं." त्याने रुमालाने मान पुसली. "डार्लिनला माहीत नाही. तू गाडी आणलीस तेव्हा मला वाटलं, झालं, आता याच्या दोन्ही चालणार. आज भरून आणणार होतो पुढची, पण... यंदा मला कुणी बोलावलंच नव्हतं."

सहा वर्षं लव्हॉन मला त्या टकबद्दल सांगत होती. मी तिथेच, भर रस्त्यात, सगळ्यांना ओरडून सांगू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं. मग वर रथावर डेनीज दिसली. ती माझ्याकडे बघत होती, लाइलकडे नाही.

"माझ्याकडे आहे पेट्रोल," मी म्हटलं. "भरपूर आहे."

अर्विनने प्रमुखाची टोपी परत घातली, गर्दीला सिगारेटी विझवून मागे सरायला लावलं, बंबावरचा एक माणूस पाण्याचा पाइप धरून उभा केला आणि मला बागेची नळी आणि दोन डबे आणून दिले. मी माझ्या मागच्या टाकीत नळी घातली आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. ज्या माणसाने नळीने पेट्रोल चोरल्याचा बोभाटा गावभर झाला होता, त्याच माणसासाठी मी भर दिवसा, बँडसमोर, नव्या शर्टात नळी चोखत उभा होतो. पहिला घोट तोंडात आला. त्याची चव मला आजही मोहरीचा सॉस खाताना आठवते. सगळं गाव टाळ्या वाजवू लागलं, आणि त्या टाळ्या कुणासाठी होत्या हे मी विचारलेलं नाही.

डबे लाइलच्या टाकीत रिकामे केले. मी थुंकत बाजूला झालो तर लाइल सरकून शेजारच्या जागेवर बसलेला.

"बस," तो म्हणाला. "मुलगी तुझी, पेट्रोल तुझं. गाडीचं कोण विचारतंय?"

हे मला सुचायला हवं होतं. तो माझ्या जागी आणि मी त्याच्या जागी असतो तर सुचलं असतं का, यावर मी पुढे पुष्कळ विचार केला आणि मग तो करणं सोडून दिलं. त्या वेळी मी बसलो. चावी फिरवली. आरशात डेनीज, मागे बंब, पुढे बँड. शेवटच्या चौकात मी स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं, समोर कुणी नसताना. त्याने ते पाहिलं आणि आपल्या गुडघ्यावरचं एक बोट उचललं.

संध्याकाळी डार्लिनकडून बशी आली. लव्हॉनने ती पुन्हा कधी आणि काय घालून पाठवली होती ते मला माहीत नाही, पण येताना तिच्यात खसखशीचे बारा कोलाचे होते. "तिचे माझ्यापेक्षा मऊ होतात," लव्हॉन एक खात म्हणाली. मी मान हलवली. मला अजून सगळ्याला पेट्रोलचीच चव येत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुलपाचं झाकण काढून टाकायला गेलो. लाज वाटत होती, ती निदान दिसायला तरी नको. किल्ली घातली, फिरवली, आणि ती कुलपातच मोडली. पक्कड, सुरी, लव्हॉनची केसांची पिन, सगळं करून झालं. कुंपणापलीकडून लाइल बघत होता. शेवटी तो आला.

"सरक," म्हणाला.

त्याने खिशातून तारेचा एक तुकडा काढला, आत घातला, मनगट थोडं वळवलं. झाकण त्याच्या हातात आलं. मी दहापर्यंत मोजायला सुरुवात केली होती, चारवर थांबलो. त्याने झाकण माझ्या हातात दिलं, हात पँटला पुसले आणि माझ्या अंगणातून आपल्या घरी गेला. म्हणजे या माणसाला माझं पेट्रोल केव्हाही चोरता आलं असतं, आणि एकवीस वर्षांत त्याच्या ते एकदाही मनात आलं नव्हतं. निदान एकदा मनात आलं असतं, एवढं तरी देवाने मला द्यायचं होतं.